बर्फाच्या साखळ्या

मुलाकडे नॉर्वेत आलो, तेव्हा बर्फ पडायला लागला होता. गाडी घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या लावतात, त्या घ्यायला आम्ही दुकानात गेलो. मी, मुलगा आणि आमचे व्याही. व्याही तिथलेच. मुलगा एकेक साखळी उचलायचा आणि त्यांना विचारायचा, ही की ती? ते कड्या चाचपून मान हलवायचे. मी शेजारी नुसता उभा.

याला सायकल मी शिकवली, गाडी मी शिकवली. टायरला लाथ मारून हवा ओळखायलाही मीच शिकवलं. बापाची विद्यासुद्धा हवामानावर चालते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिखलात रुतलेली गाडी मी आजही काढून दाखवीन, पण इथे मेला चिखलच नाही!

घरी दोघांनी गुडघे टेकून साखळ्या चढवल्या. "बाबा, गारठा आहे, तुम्ही आत बसा," मुलगा म्हणाला. आत जाताना वाटलं, निघण्याआधी चाकाखाली लिंबू ठेवायचं तरी यांना कुठून सुचणार? स्वयंपाकघरातलं लिंबू घेऊन मी लगबगीने बाहेर आलो.

व्याही पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवत होते. "अगदी बरोबर," असं मुलगा त्यांना त्यांच्या भाषेत म्हणाला असावा.

मी माझं लिंबू कोटाच्या खिशात ढकललं.