उंटाच्या ओळीतलं प्यादं

बुद्धिबळात ग्रँडमास्टरशी बरोबरी केल्यापासून हिलालला सुरतच्या डिंडोलीत सरळ चालता येईना, जो तो थांबवून शाबासकी देई. तो काम करायचा त्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याचे शेठ तोंडातलं पान गालात सारून म्हणाले, "अरे हिलालभाई, तमे तो कमाल करी! चोवीस जणा हार्या, ने आपणो लूमवाळो ज बच्यो!"

हिलाल कसाबसा हसला आणि पुढे सटकला.

रविवारी पर्वत पाटियाला एक परदेशी ग्रँडमास्टर एकटा एकाच वेळी पंचवीस जणांशी खेळला. कारखान्याच्या वाट्याला एकच पट, एकाच खेळाडूची जागा, आली होती. खरा हक्क त्याला स्पर्धेचा खेळ शिकवणाऱ्या, शेजारच्या लूमवरच्या भिकनचा, पण तोच म्हणाला, "तू जाय. मी तुन्या लूम सांभाळस." दिवसभर आपल्या आठ आणि हिलालच्या आठ, अशा सोळा लूम त्यानं चालवल्या.

आता, तीन दिवसांनी, भिकन हिलालच्या खोलीत पट मांडून बसला होता. "दखाड, भो. कशी बरोबरी व्हयनी?"

हिलालनं एकेक चाल दाखवली. शेवटी उरले दोघांचे राजे आणि हिलालचं एक प्यादं, उंटाच्या ओळीतलं, दोन घरं बाकी. ग्रँडमास्टरचा राजा खरं तर पटाच्या पार दुसऱ्या कडेला होता. हिलालनं तो गुपचूप प्याद्याच्या तोंडाशी आणून ठेवला.

"मग बरोबरीच," भिकन म्हणाला. "चूक मनीच शे. मीच तुले सांगं, मोहरे बदलत जाय. वजीर ठेवता तर जितता तू."

चुलीपाशी बसलेली हिलालची बायको मंगलाबाई म्हणाली, "भाऊ, सोळा लूमनी पाय अजून केवढे सुजलेत तुमचे! डावाचं काय घेऊन बसलात?"

हिलालनं त्या पायांकडे पाहिलं. मग तो राजा उचलून दूर, त्याच्या खऱ्या घरात ठेवला.

"इथं व्हता."

भिकननं बोटानं घरं मोजली. परत मोजली. "मग तर प्यादं धरताच येत नाही! तू वजीर का नाही केला?"

"मले वाटलं, उंटच व्हई."

त्यांच्या गावाकडे प्यादं ज्या ओळीनं पोचेल त्याच ओळीचा मोहरा होतं, आणि एकट्या उंटानं मात होत नाही. म्हणून हिलालनं आपणहून हात पुढे केला होता. पाहुण्यानं पटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि घाईनं हात मिळवला. टाळ्या वाजत असताना हिलालला भिकनची शिकवणी आठवली: स्पर्धेच्या नियमानं कुठल्याही ओळीत वजीर मागता येतो.

"तीनदा सांगं तुले," भिकन म्हणाला.

"शेठले उद्या सांगस."

"शेठ राहू दे. मले तीन दिवस का नाही सांगं?"

भिकननं पट फिरवून ग्रँडमास्टरचा राजा आपल्याकडे घेतला. "चाल."

हिलालनं प्यादं नेलं, वजीर केला. भिकननं एकही चाल सोडून दिली नाही. हरणारा राजा तो घर न् घर लढवत राहिला, आणि हिलालला त्याला कोपऱ्यात रेटत न्यावंच लागलं.

मात झाली. "असं व्हतं ते," भिकन म्हणाला, आणि चपला घालायला उठला.