पहिल्या धुण्याचं पाणी

"माह्या हातचा रंग देवाच्या बापाच्यानंही निंगत नाई," बाबाराव म्हणायचे. हिंगणघाटच्या एका सूत रंगवायच्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं रंगारी होते. बोटं नखांपर्यंत लाल.

रंग खरंच निघत नव्हता. तो कारखान्यातून नाल्यात जाई आणि नाल्यातून त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, कुंताबाईच्या भाजीच्या वाडीत. बाजारात गिऱ्हाइकं तिला विचारत, "बाई, मुळे विकून राह्यली का गाजरं?" यंदा वाडी पडीक टाकते, असं तिनं सांगून टाकलं होतं.

२००६ च्या मे महिन्यात तिची मुलगी रंजिता मामाच्या अंगणात आली. वर्ध्याला एम.एस्सी. करत होती. जवळ पांढरी भुकटी होती, टायटॅनियम डायऑक्साइडची. कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. ऊन लागलं की ही पाण्यातला रंग तोडते, असं ती म्हणाली.

"उन्हानं रंग उडते, तुटत नाई," मामा हसले. पण कारखान्यातून रंगाचं पाणी आणून दिलं.

तिनं भुकटी घालून ते उन्हात ठेवलं. तासाभरात ते निवळलं. रंजिता नाचायचीच बाकी होती.

दुसऱ्या दिवशी मामांनी डबा भरून रंगवलेल्या सुताच्या पहिल्या धुण्याचं पाणी आणलं. मीठ, सोडा, रक्तासारखा लाल रंग.

"हे खरं. कालचं शेवटच्या धुण्याचं होतं, पोरी. फिक्कं."

"मले काऊन फसवलं, मामा?"

"तुह्या मायची वाडी वाचते, असं तुले एक दिवस तरी वाटावं म्हणून."

संध्याकाळपर्यंत लाल रंग हलला नाही. तिसऱ्या दिवशी रंजितानं पाणी पाचपट पातळ केलं, थेंबथेंब आम्ल टाकून सोडा मारला, मग भुकटी घातली. बरणीत गुलाबी दूध गरगरत राहिलं. बाबाराव जागचे उठले नाहीत. आजवर त्यांनी रंग कापडात जाताना पाहिला होता, मातीत जाताना पाहिला होता. हा कुठेच जात नव्हता. होता तिथेच, भर उन्हात, नाहीसा होत होता. भुकटी तळाशी बसली तेव्हा बरणीतून पलीकडची भिंत दिसली, तिच्यावरची मुंग्यांची रांगसुद्धा.

"पण ही एक बरणी झाली, मामा," रंजिता म्हणाली. "काही विषारी उरलं का, तेही तपासायचं हाये. तोवर पहिलं पाणी नाल्यात सोडू नका. येगळं साठवा."

साडेतीन होत आले होते. चारला पहिल्या धुण्याच्या टाकीचा बोळा निघायचा, पाणी नाल्यात जायचं, आणि तो बोळा काढणारे हात बाबारावांचेच. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि "आज बोळा निंगत नाई," म्हणत कारखान्याच्या वाटेला लागले.