जागेवर नाही

बंदरात सगळे त्यांना नाहीकाका म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. काकांना त्याचा राग येत नसे. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलेलं होतं.

बंदर कचेरीच्या पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात त्यांची खोली. दोन टेबलं, तीन खुर्च्या, वायरलेसचा संच, भिंतभर पसरलेला नकाशा आणि समुद्राकडची एक खिडकी. तिची काच कितीही पुसा, खाऱ्या हवेचा थर पुन्हा बसायचाच. या खोलीतून काका सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या बातम्या वाचायचे. कागदोपत्री त्याला चांगलं लांबलचक सरकारी नाव होतं, पण हौसेने स्वतःच्या बोटी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने भटकणाऱ्या मंडळींना एवढा वेळ कुठला? त्यांच्यासाठी त्या पाण्याच्या बातम्याच. कुठला दिवा विझलाय, कुठे वाळू सरकून पाणी उथळ झालंय, कुठे गाळ काढणं चालू आहे, कुठे वाहून आलेल्या ओंडक्यांपासून जपायचंय. मोठ्या जहाजांवर वाट दाखवायला जाणकार माणूस चढतो. या हौशी लोकांकडे फक्त काकांचा आवाज होता.

आता आपल्या भाषेची एक खोड आहे. ती नकार शेवटपर्यंत राखून ठेवते. ‘लाल बोया जागेवर’ इथपर्यंत ऐकलं तरी तो आहे की नाही याचा पत्ता लागत नाही. घरात बसून गप्पा मारताना यात काही बिघडत नाही. पण वारा सुटलेला, इंजिन धडधडतंय, वायरलेस खरखरतोय, अशा वेळी शेवटचा शब्द गळला की सगळंच उलटं होतं. बोया म्हणजे तळाशी साखळीने बांधलेली तरंगती खूण. तो सरकला आणि तुम्ही त्याच्यावर भरवसा ठेवलात, की तो तुम्हाला सरळ वाळूवर नेऊन घालतो.

म्हणून काकांनी नोकरीच्या पहिल्या वर्षीच आपला नियम केला. नकाराची बातमी असेल तर ‘नाही’ आधी सांगायचं, मग पूर्ण वाक्य. ‘नाही. दक्षिणेचा दिवा चालू नाही.’ ‘नाही. धक्क्याजवळ पुरेसं पाणी नाही.’ तेव्हाच्या साहेबांनी त्यांना बोलावून झापलं होतं, ही काय बोलायची पद्धत झाली म्हणून. पण बोटवाल्यांना ती आवडली. पहिलं ‘नाही’ ऐकू आलं की हातातलं काम टाकून लोक कान देत. साहेब बदलून गेले, पद्धत राहिली.

पद्धत घरातही शिरली. ‘नाही. दूध आलेलं नाही.’ ‘नाही. मला भूक नाही.’ काकूचं म्हणणं, हा माणूस लग्नाआधीपासून असाच. तिच्या वडिलांनी विचारलं होतं, मग काय, करायचं ना लग्न? काका म्हणाले, ‘नाही.’ वडील ताडकन उठून उभे राहिले. तेवढ्यात उरलेलं वाक्य आलं, ‘माझी काही हरकत नाही.’ वडील परत बसले. काकू ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगायची आणि काका दरवेळी नवीन ऐकल्यासारखे हसायचे.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला काकांचा आवाज बसला. आधी वाटलं, सर्दी असेल. गुळण्या झाल्या, गरम पाणी झालं, आवाज काही सुटेना. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि काकूसमोरच सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल, नंतर आवाज राहील याची खात्री देता येत नाही. आणि तोवर बोलणं बंद.

“बंद म्हणजे किती बंद?” काकांनी विचारलं.

“बंद म्हणजे बंद,” डॉक्टर म्हणाले.

 घरी दार उघडून आत आल्यावर चपलाही न काढता काकू म्हणाली, “अहो, उद्याच अर्ज टाका रजेचा.”

“हंगाम संपू दे. मग करू ऑपरेशन.”

“हंगाम तुम्हाला विचारून येतो का? तुमच्यावाचून बोटी चालायच्या नाहीत, असं थोडंच आहे?”

 आपल्यावाचून चालायच्या नाहीत असंच काकांना वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या उलट असेल अशी भीतीही वाटत होती. आवाज गेला की कचेरीतले लोक त्यांना खाली जुन्या नकाशांच्या खोलीत बसवणार. आठवडाभर हळहळतील, मग जिन्यात भेटल्यावर नुसती मान हलवतील. ज्या माणसाचं सगळं असणं आवाजात आहे त्याला आवाज ठेवून दे म्हणणं सोपं नसतं, हे मान्य. पण काकांनी हट्ट केला, हेही तितकंच खरं. हट्टाला दुसरं नाव देऊन उपयोग नाही.

शेजारच्या टेबलावर ऑपरेटर बसायची. काकांच्या मुलीच्या वयाची, कामाला चोख. तिला सगळं कळत होतं. थर्मासमधून गरम पाणी आणायची, आणि दर दोन-चार दिवसांनी हळूच विषय काढायची.

“काका, आज मी वाचू? तुम्ही नुसते शेजारी बसा.”

“लोकांना तुझ्या आवाजाची सवय नाही गं.”

“लागेल की. तुमच्या आवाजाची तरी आईच्या पोटातून होती का?”

काका हसायचे आणि माइक आपल्याकडे ओढून घ्यायचे.

आवाज कसा जातोय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. वाक्याची सुरुवात ठीक व्हायची. शेवटाकडे येईतो दम सरायचा आणि शेवटचा शब्द घशातच विरायचा. एखाद्याची या जाणिवेनेच झोप उडाली असती. काकांनी स्वतःची समजूत घातली, आपलं ‘नाही’ तर आधीच सांगून झालेलं असतं, शेवट गेला तर गेला. आणि ते चाललंही. बंदरातले जुने लोक पहिलं ‘नाही’ ऐकायचे आणि उरलेलं मनातच पुरं करायचे. कुणाचीही तक्रार आली नाही. उलट भेटल्यावर म्हणायचे, काका, घसा खराब असला तरी तुमचं सगळं कळतं बरं का.

हंगाम अर्ध्यावर आला असताना दोन दिवस भयंकर वारा झाला. खाडीच्या मुखाशी, वाळूच्या उंचवट्याच्या अलीकडे, लाल बोया असतो. आत येताना तो डाव्या हाताला ठेवून यायचं, की खोल पाण्यातून बोट सुखरूप धक्क्याला लागते. त्या वाऱ्यात बोयाने नांगर ओढत नेला आणि तो उंचवटा ओलांडून थेट पलीकडे जाऊन थांबला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा तर मजेत आपल्या जागी डुलतोय.

वारा पडला. संध्याकाळी, चांगला उजेड असताना, काकांनी बातमी वाचली. ऑपरेटर त्या वेळी खाली भरतीचे आकडे आणायला गेली होती.

त्याच वेळी एक नवराबायको आपली बोट घेऊन लांबच्या बंदरातून येत होते. या खाडीत ते पहिल्यांदाच येत होते. नवरा सुकाणूवर, बायको खालच्या खोलीत वायरलेसजवळ. अर्ध्या तासात बोट वाळूवर चढली. मागून येणाऱ्या लाटांनी तिला आडवी केली. मासेमारीच्या एका बोटीने बायकोला पाण्यातून काढलं. नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी लाटा अडवणाऱ्या दगडांपाशी सापडला.

काका हादरले. पण आपलं काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही. “मी सांगितलं होतं,” ते काकूला म्हणाले. बंदरातही जो तो हेच म्हणत होता. काकांनी सांगितलं होतं, आम्ही स्वतः ऐकलं. त्यात कुणी खोटं बोलत नव्हतं. त्यांनी खरोखरच ऐकलं होतं.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेब, लिहून घेणारा कारकून, ऑपरेटर, काका, आणि टेबलापलीकडे ती बाई. ती काकांपेक्षा थोडी लहान असेल. एका हाताला प्लास्टर होतं. ती रडत नव्हती. काकांना वाटलं होतं ती रडेल, आणि त्यासाठी ते मनाची तयारी करून आले होते. या कोरड्या डोळ्यांपुढे ती तयारी कामाची नव्हती.

“तुम्ही काय ऐकलंत ते सांगा,” साहेब म्हणाले.

“मी वायरलेस लावला तर कुणीतरी ‘नाही’ म्हणालं,” ती म्हणाली. “मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाला उत्तर देतायत. मग म्हणाले, मुखाचा लाल बोया जागेवर. झालं. पुढे दुसरी बातमी सुरू झाली.”

“त्यांची पद्धत आहे ती,” साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. “‘नाही’ आधी म्हणतात. इथे सगळ्यांना माहीत आहे.”

“आम्ही इथले नव्हतो.”

 इतक्या वर्षांत काकांच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. एकटं पडलेलं ‘नाही’ कुणालाही सांगितलेलं असू शकतं. त्याला शेवटच्या ‘नाही’चा आधार होता म्हणून ते उभं होतं.

वायरलेसवरचं बोलणं कचेरीत आपोआप टेप होत असे. साहेबांनी त्या संध्याकाळची टेप लावली. खरखर झाली आणि काकांचा आवाज आला. ‘नाही. मुखाचा लाल बोया जागेवर...’ मग एक श्वास, नुसती हवा, आणि पुढची बातमी.

“आहे की,” कारकून म्हणाला. “बारीक आहे, पण आहे.”

साहेबांनी पुन्हा लावली. “मलाही येतंय ऐकू. जरा दबलेलं आहे, एवढंच.” ते ऑपरेटरकडे वळले. “तुला?”

ऑपरेटरने काकांकडे बघितलं. “मला... मला वाटतं, आहे.”

ती बाई म्हणाली, “मला नाही येत.”

“तुम्ही त्या वेळी घाबरलेल्या असणार, ताई.”

“आत्ता घाबरलेली नाहीये मी.”

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला काकांची नोकरी आणि पेन्शन वाचवायची होती, आणि काकांच्या घशात काय आहे हे त्याला ठाऊक होतं. शब्द टेपवर आहे असं ठरलं तर प्रश्नच मिटला. सांगणाऱ्याने सांगितलं, ऐकणारीने नीट ऐकलं नाही. टेबलावर हात ठेवून साहेबांनी मायेने विचारलं, “काका, तुमचाच आवाज आहे. तुम्ही सांगा. शेवटचा शब्द ऐकू येतो का?”

काकांनी टेप पुन्हा लावायची खूण केली. डोळे मिटून ऐकलं. आधी त्यांनाही तो शब्द ऐकू आला. मग त्यांनी तो आपणच मनात म्हणतोय हे ओळखलं, मन आवरलं, आणि पुन्हा ऐकलं. तिथे नुसती हवा होती.

उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा सवयीने पहिलं ‘नाही’ ओठांवर आलंच. पण त्या बाईसमोर त्यांना ते उच्चारवेना. ते त्यांनी गिळलं आणि चारचौघांसारखं सरळ वाक्य सुरू केलं. “शेवटचा शब्द मला ऐकू येत...”

दम सरला. ओठ हलले, आवाज आला नाही.

कारकुनाने मान डोलावली आणि लिहिलं. मग वाचून दाखवलं, “शेवटचा शब्द मला ऐकू येतो.”

“झालं तर मग,” साहेब म्हणाले आणि मागे टेकले. “सही करा, काका. मग घरी जा, आराम करा.”

कागद काकांसमोर आला. त्या खोलीतली तीन माणसं त्यांना वाचवायला बसली होती. त्यांना फक्त आपलं नाव लिहायचं होतं. काकूचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला, दवाखान्याचा खर्च आला, जिन्यातून जाता-येता काका काका म्हणणारे लोक आले. भीती त्यांना आधी कधी वाटली नव्हती एवढी वाटली. मग त्यांनी कारकुनाच्या हातातलं पेन घेतलं, ‘येतो’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘येत नाही.’ त्याखाली सही केली.

“काका,” ऑपरेटर हळूच म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

ती बाई कागद वाचत होती. बराच वेळ वाचत होती. मग तिने काकांकडे बघितलं. “आवाज जातोय, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“ताई, त्याचा इथे संबंध नाही,” साहेब म्हणाले.

काकांनी मान हलवली. हो.

“कधीपासून?”

काकांनी कागदाच्या कडेला लिहिलं, ‘हंगामाच्या सुरुवातीपासून.’ 

तिने तेही वाचलं. तिचा राग काका झेलायला तयार होते. तो आला असता तर बरं झालं असतं.

“बोया जागेवर आहे, असं त्यांना वर ओरडून मीच सांगितलं,” ती म्हणाली. “माझा आवाज चांगला खणखणीत आहे. त्यांना पहिल्याच हाकेला ऐकू गेलं.”