दोन बराकींमधली बाग

मी लिहायला बसलो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. वडील अजून अंगठा उठवतात. शिवाय ज्याला एका माणसाला एक साधी गोष्ट वेळेवर सांगता आली नाही, त्याने चारचौघांना काय सांगावं, असंही वाटतं. तरी लिहितो.

पालेगावहून रोज कॉलेजला जाणं जमेना, म्हणून उल्हासनगरच्या कॅम्पात गावच्या ओळखीच्या एका कारकुनाच्या खोलीत मी राहू लागलो. खोली म्हणजे लष्कराच्या जुन्या बराकीचा गोणपाट बांधून वेगळा केलेला तुकडा. आजूबाजूला फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी वर्गात ‘व्हता’ म्हणालो आणि मागचे बाक हसले. तेव्हापासून हजेरीला ‘येस सर’ म्हणण्यापलीकडे दिवसभर माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

आमच्या आणि पलीकडच्या बराकीच्या मध्ये एक मोकळी जागा होती. तिथे शेजारचे एक सिंधी म्हातारे खणत असायचे. सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. तांदूळ धुतलेलं, आंघोळीचं, असं मिळेल ते पाणी घालून त्यांनी कडुनिंबाची रोपं आणि मोगरा जगवला होता. एका दुपारी ते मला म्हणाले, “पुट, इधर बैठके पढो. अंदर तो आदमी भुन जाता है.” पुट म्हणजे मुलगा. त्या कॅम्पात मला कोणी कशाने तरी हाक मारण्याची ती पहिली वेळ.

ही बाग ते कोणासाठी करत होते, ते मला त्यांच्या सुनेकडून कळलं. दादांची बायको, म्हणजे सगळ्यांची अम्मा, इथे आल्यापासून खोलीबाहेर पडली नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसायची. डॉक्टर म्हणाले होते, हिला औषध नको, हवा हवी. पण त्या धुळीत ती येईना. म्हणून ही हिरवळ.

चैत्रात मोगरा फुलला आणि एका संध्याकाळी ती आली. दादांनी आधीच खाट टाकून ठेवली होती. मी जरा दूर बसून इंग्रजी धडा पुटपुटत पाठ करत होतो. बराच वेळ तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ये किससे बात करता है?”

“किताबसे,” दादा म्हणाले.

“किताब जवाब देती है?”

“अब तक तो नहीं दिया,” मी म्हणालो. ती हसली. दादांनी पाण्याचा डबा खाली ठेवला आणि तिच्याकडे बघतच राहिले.

मग ती रोज यायची. तिच्या मागोमाग दोन्ही बराकींतल्या बायका यायला लागल्या, भाजी निवडायला, पापड लाटायला. झाडांनी माणूस बरा होतो की नाही, हे सांगण्याइतका मी शिकलेला नाही. पण त्या चार वाफ्यांजवळ बसलं की माझी छाती मोकळी व्हायची, आणि धडाही लवकर पाठ व्हायचा.

ज्येष्ठात दादांनी वाफे आणखी खोल केले. भोवती उंच बांध घातले. त्यांच्या मुलखात पाऊस फार थोडा. जमीन खोलगट ठेवायची आणि आलेलं पाणी अडवायचं, हीच तिथली रीत. “बारिश का सारा पानी पी जाएंगे,” ते अभिमानाने म्हणाले. मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याकडे भाताखेरीज काहीही लावायचं तर आधी माती उंच करतात, नाहीतर मुळं कुजतात, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं.

मी सुरुवात केली होती. “दादा, इधर ऐसा...”

“देखो,” सून ओरडली, “प्रोफेसर साहब अब दादाको बाग लगाना सिखाएंगे!” सगळ्या बायका हसल्या. ती थट्टाच होती, त्यात वाईट काही नव्हतं. पण मला मागचे बाक आठवले आणि मी गप्प बसलो.

आषाढात मी आवणीसाठी घरी गेलो. भात लावताना वडिलांना हे सांगितलं. ते चिखलात वाकलेलेच होते. म्हणाले, “तुला म्हाईत व्हता ना? मंग सांगला का नाय?”

तीन आठवड्यांनी परतलो. वाफ्यांची डबकी झाली होती. मोगरा काळा पडला होता, निंबाची रोपं हात लावताच उपटून येत होती. खाट आत नेली होती. सून या वेळी हसली नाही. “अम्मा बोलती है, यहाँ कुछ जीता नहीं,” एवढंच म्हणाली.

मी दादांना सांगून टाकलं, की मला माहीत होतं. त्यांनी एक कुजलेलं रोप उपटून बांधावर ठेवलं. मग म्हणाले, “पुट, तू बोलता तो मैं बुरा थोडेही मानता.”

आम्ही दोघांनी बांध फोडले, माती उंच केली. मी गावाहून तगर, अनंत, मोगऱ्याच्या फांद्या आणल्या. दिवाळीपर्यंत सगळ्यांनी मूळ धरलं. बायका पुन्हा बसू लागल्या. अम्मा मात्र आली नाही. दादा रोज खाट बाहेर टाकत आणि अंधार पडायच्या आत उचलून नेत.

हिवाळ्यात त्यांना राजस्थानात घर मिळालं आणि ते सगळे गेले. बागेला पाणी मी घालायचो. दादांचा एक भाचा बाजारात कापड विकायचा. महिनोन्‌महिने मी त्याला विचारत होतो, अम्मा कशा आहेत? तो म्हणायचा, खबर नाही.

गेल्या आठवड्यात त्यानेच हाक मारली. म्हणाला, “मामा गुजर गए. चार महीने हुए.” आणि अम्मा? मी विचारलं. ती आता घरात थांबत नाही, तो म्हणाला. सकाळी खाट स्वतः ओढून बाहेर नेते आणि कितीही बोलावलं तरी दिवसभर आत येत नाही.