खंडेनवमीचा कॉम्प्युटर

आमच्या हुमनाबादच्या घरी एक जुना कॉम्प्युटर होता. त्याची मेमरी वाढवायला मी हैदराबादहून चिपा आणल्या. नुसत्या बोटातल्या स्थिर विजेनंही त्या मरतात, असं सांगून दुकानदार मोकळा झाला. तेव्हापासून मी भ्यालेलोच होतो.

त्या दिवशी खंडेनवमी होती. चिपा बसवून हात धुऊन येतो, तर आईनं कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात हळदकुंकू वाहून वर पाणी शिंपडलेलं. पुसायला फडकं घेतलं, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"आई, जळंल की हे."

"जळू दे. तुझ्या अप्पाच्या लॉरीची पूजा त्या साली राह्यली व्हती."

त्या साली लॉरी घेऊन गेलेले माझे वडील परत आलेच नव्हते. मी फडकं खाली ठेवलं, पण बटण दाबायचा धीर होईना.