मोरीतला फेस

गल्लीच्या टोकाला कापडी पिशव्या छापणारे एक गृहस्थ राहतात. चौकटीवर ताणलेल्या छपाईच्या जाळ्या ते तीस वर्षं घरातल्या मोरीतच धूत आले. बायकोने पहिली दहा वर्षं यावर भांडण केलं, पुढची दहा टोमणे मारले आणि नंतर स्वतःचा साबण वेगळा ठेवला.

लघवीलाही ते त्याच मोरीत जात. तिला फेस येऊ लागला, तेव्हा त्यांनी तो जाळ्या धुण्याच्या पावडरीच्या नावावर घातला. पाय सुजले, तो उभं राहण्याचा दोष. चप्पल घट्ट झाली, तो चांभाराचा. स्वतःच्या शरीरावर संशय घेण्याइतके ते उद्धट नव्हते. अशी दोन वर्षं गेली. शेवटी डोळ्यांखालची सूज पाहून बायकोनेच त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येकीला बाहेरून बिलगून बसलेल्या पेशी असतात. त्या गळून पडल्या की नव्या जवळजवळ येतच नाहीत. शेजारणी ताणून जागा झाकतात आणि ताणता ताणता त्याही सुटतात. मग प्रथिनं गळतात, फेस त्यांचा. उघड्या जागी व्रण धरतो, ती गाळणी कायमची मिटते आणि तिचं काम उरलेल्यांच्या अंगावर येतं.

गृहस्थांनी मान डोलावली. हे तर धंद्यातलंच होतं. जाळीला छिद्र पडलं की ते त्यावर भोक बुजवणारं लॅकर फासत. शाई गळायची थांबे, पण तिथून पुन्हा काही छापलंही जात नसे.

"अशी जाळी मी काढून नवी ताणतो," ते म्हणाले.

"नव्या मूत्रपिंडाची वेळ येऊ नये म्हणूनच सांगतेय. निम्मं काम अजून चालू आहे, ते जपायचं. गोळी चुकवू नका, मीठ कमी करा, तपासण्या वेळेवर. आणि फेस वाढला तर लगेच या."

घरी आल्यावर ते मोरीच्या दारात उभे राहिले. मग बायकोला म्हणाले, "इथे कुठला फेस कुणाचा, हे कळणार कसं?"

"अहो, तीस वर्षं मी दुसरं काय विचारतेय?"

दुसऱ्या दिवशी जाळ्या मागच्या अंगणात गेल्या, नळासकट. मोरी घासायला अख्खी सकाळ गेली. खाली फरशी पांढरी होती, ही बातमी दोघांनाही नवीच.

आता रोज सकाळी ते आत जरा जास्त वेळ रेंगाळतात. बायको दाराबाहेर थांबते. आतून आवाज येतो, "कालच्याएवढाच."

मग ती चहा ठेवायला जाते.