काळी, पांढरी आणि हुग्गीचा डबा

उचगावच्या अलीकडं एक सायकलवाला मला मागं टाकून गेला, तेव्हा गाडीत काहीतरी बिघाड आहे हे मी मान्य केलं. इंजिन पिठाच्या गिरणीसारखं ओरडत होतं आणि काटा विसाच्या पुढं सरकत नव्हता. शेजारी बसलेली शोभा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पदर नाकाला लावून म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय."

"नवीन गाडी आहे, तिचा वास येतोच," मी म्हणालो.

उचगावात सासुरवाडीच्या दारात पोचलो तर साडूंची गाडी आधीच उभी. साडू, म्हणजे शोभाच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. हुपरीत त्यांचा चांदीच्या पैंजणांचा व्यवसाय. सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दाजींनी आमचं ओरडणं लांबूनच ऐकलं असावं. ते आले, खिडकीतून आत वाकले आणि गिअरच्या शेजारच्या दुसऱ्या दांड्याकडं बघून हसत सुटले.

"पावणं, पन्हाळा हितंच चढला व्हय?"

तो दांडा चारही चाकांना ताकद देतो. खडा चढ, चिखल, दगडधोंडे यांसाठी. निघताना गल्लीतल्या लोकांना मी तो ओढून दाखवला होता आणि परत जागेवर ठेवायला विसरलो होतो. भर कोल्हापुरातून मी डोंगर चढायच्या गिअरमध्ये आलो होतो. दाजींनी दांडा जागेवर बसवला आणि त्याच क्षणी मी ठरवलं, आज पुन्हा त्याला हात लावायचा नाही.

आता या दोन गाड्यांबद्दल सांगायला हवं. कंपन्यांची नावं घेत नाही. रानावनात जाणारी गाडी घ्यायची, हे मी पहिल्यांदा बोललो होतो. दाजी त्यावर "कशाला हो या वयात?" म्हणाले आणि माझ्या आधी घेऊन मोकळे झाले. त्यांची काळी. रुंद, उंच, डिझेलवर चालणारी, दोनच दरवाजे आणि टायर असे की उभ्या गाडीलाही बघून माणूस बाजूला व्हावा. आमची पांढरी. अरुंद, हलकी, पेट्रोलवाली, चार दरवाज्यांची. मी पतसंस्थेत नोकरी करतो. मी कागदावर सगळी तुलना मांडली होती. काळी हुपरीच्या बोळात वळत नाही, म्हणून दाजी दुकानाला स्कूटरवरूनच जातात आणि गाडी आच्छादन घालून झोपलेली असते. माझी रोज मंडईला जाते, गल्लीत वळते, पेट्रोल बेतानं पिते. कागदावर पांढरी सगळीकडं पुढं होती. पण कागद रस्त्यावर चालत नाही. काळी समोरून आली की माझी मान आपोआप वळायची, त्याला त्या कागदावर रकाना नव्हता.

दोन साडू म्हणजे एकाच परीक्षेला बसलेले दोघे, आणि पेपर तपासणार सासूबाई. आजची परीक्षा मोठी होती. पन्हाळ्याच्या पलीकडं एका डोंगरावर सासूबाईंच्या माहेरच्यांची जुनी दगडी बस्ती (लहान जैन मंदिर) आहे. गुडघे गेल्यापासून त्यांचं तिथं जाणं थांबलं होतं, कारण वरपर्यंत नुसती दगडधोंड्यांची बैलगाडीची वाट. आता घरात अशा वाटेच्या दोन दोन गाड्या होत्या. त्या दिवशी त्यांचं एकाशन (दिवसात एकदाच जेवण) होतं. ते जेवण दर्शन झाल्यावर, घरचंच, आणि सूर्य मावळायच्या आत. नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी. त्यांचं वय बघता याची आम्हा सगळ्यांनाच काळजी होती.

दुपारचं ऊन कलल्यावर निघालो. प्रश्न एकच, अव्वा कुठल्या गाडीत? सासूबाईंना त्यांच्या मुली अव्वा म्हणतात, आम्हीही. दाजींनी काळीचं दार उघडून धरलं. अव्वांनी एक पाय वर टाकून बघितला, खाली घेतला.

"मी काय घोड्यावर बसाय निघालोय व्हय रं?" असं म्हणून त्या सरळ माझ्या पांढरीत, पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

मी दाजींकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. शोभा मागं बसली, अक्का काळीत दाजींच्या शेजारी. माझ्या गाडीच्या पाठीमागं जेमतेम दोन पिशव्या मावतात, म्हणून जेवणाचे डबे काळीच्या रिकाम्या मागच्या सीटवर गेले. भाकरी, दोडक्याची भाजी, दही आणि अव्वांची आवडती हुग्गी (खपली गव्हाची खीर).

पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो आणि दाजी एका दमात पुढं गेले. घाटाच्या वळणावर काळी अशी झुकत होती की जणू डोंगरानंच तिला वाट दिली आहे. वर पोचलो तेव्हा कॉलेजची पोरंपोरी तिला टेकून फोटो काढत होती. मी मुद्दाम शेजारी गाडी लावली. एका मुलीनं अदबीनं विचारलं, "काका, जरा मागं घेता का? फोटोत येतीय." तिच्या मित्रानं पांढरीकडं बघून विचारलं, "ही हिचं पिल्लू काय हो?"

दाजी मोठ्यानं हसले. त्यांच्या पायात नवे, घोट्याच्या वर जाणारे, तपकिरी बूट होते. गाडीला शोभणारे. माझ्या पायात सँडल होत्या. चहा घेताना मी त्या टेबलाखाली ओढून घेतल्या.

पन्हाळा मागं पडला आणि डांबर संपलं. तांबडी माती, कडेला कारवीची झुडपं, खाली भाताची खाचरं पिवळी पडायला आलेली. वारं असं की बोलणं खिडकीतून उडून जावं. काळी रेड्यासारखी दगड तुडवत चालली होती. पांढरी शेळीसारखी या दगडावरून त्या दगडावर. चढ कोरडा होता. दांड्याला हात न लावताच मी चढत होतो आणि अव्वा "सावकाश रं बाबा" म्हणत वरच्या दांडीला लोंबकळत होत्या. खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती.

आणि अचानक काळी थांबली. एका बाजूला शेताचा दगडी गडगा (रचलेल्या दगडांचं कुंपण), दुसऱ्या बाजूला जमिनीतून वर आलेला कातळ. दाजींनी आरसे मिटले, पुढं घेतली, मागं घेतली, खाली उतरून हातानं माप घेतलं. एक वीत कमी पडत होती.

गडग्यापलीकडून गवत कापणारा एक माणूस म्हणाला, "पावणं, लै जाड हाय की तुमची!"

दाजींनी काळी बाजूला घेऊन मला वाट दिली. दोन्हीकडं चार बोटं ठेवून पांढरी पलीकडं गेली. आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. मी काच खाली केली.

"दाजी, आम्ही होतो पुढं. तुम्ही या चालत, घाई नाही!"

शोभा मागून काहीतरी म्हणत होती. मी हॉर्न वाजवत होतो.

बस्ती सुंदर आहे. काळ्या दगडाची, माणसाच्या उंचीहून जरा मोठी, आत गार अंधार आणि एक समई. अव्वा उंबऱ्यावर बसल्या, कितीतरी वेळ डोळे मिटून. मग बाहेर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आणलंस रं." वाटलं, पेपरात पैकीच्या पैकी. मग त्या पारावर टेकल्या, सूर्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आण आता डबा."

डबा काळीच्या मागच्या सीटवर होता.

"मघाशी तेच ओरडत होते मी," शोभा म्हणाली.

सूर्य समोरच्या डोंगरापासून दोन हातांवर. मी धावत गाडीत बसलो, वळवायला म्हणून पठाराच्या कडेनं घेतली. गवताखाली पावसाळ्याचं पाणी मुरलेलं होतं. पुढची चाकं हिरवळीवर गेली, मागची गरगर फिरली आणि पांढरी पोटापर्यंत बसली. मग मला दांडा आठवला. ओढला. पण आता चारही चाकं गरगर फिरून खोल जायला लागली. सकाळी डांबरावर लावून आलो होतो आणि जिथं आधी लावायचा तिथं मानापायी लावला नव्हता.

अव्वा एवढंच म्हणाल्या, "देवानं बोलावलं, जेवू घालायचं त्याच्या मनात नसंल." मी सँडल काढून अनवाणी उतरणीकडं पळणार, एवढ्यात झुडपांतून दाजी वर आले. घामानं निथळत, दोन्ही हातांत डबे, मागून अक्का दही सांभाळत. आम्ही हॉर्न वाजवत निघालो तेव्हाच ते चढायला लागले होते.

"पावणं, हॉर्न वाजवून अव्वांचं पोट भरतंय व्हय?"

शोभानं तिथंच पारावर पान वाढलं. अव्वांनी हुग्गीचा शेवटचा घास घेतला, पाणी पिऊन तोंड पुसलं, तेव्हा सूर्याची एक कड डोंगरावर शिल्लक होती.

मग दाजींनी आणि मी चाकांखाली सपाट दगड घातले. मी दांडा लावून गाडी हळूहळू मागं घेतली, दाजींनी पुढून रेटली. पांढरी बाहेर आली.

"हलकी हाय म्हणून निघाली," बॉनेटवर थाप मारत दाजी म्हणाले. "माझी असती तर गावच बोलवावं लागलं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अव्वा बसणार म्हणून मी तिला धुऊन, पुसून, सीटला नवा कपडा घातला हुता. खरं अव्वा तुमच्यात बसल्या."

गडग्यापाशी पोचलो तेव्हा अव्वांनीच सांगितलं, "थांब रं. आता त्या उंच गाडीत बसतो. त्यानं डबा आणलाय." दाजींनी लगबगीनं काळीचं दार उघडलं. पायरी नव्हती. मी गडग्याजवळ पडलेला एक सपाट दगड उचलून काळीच्या दाराशी ठेवला, हलत नाही ना बघितलं आणि अव्वांचा हात धरून त्यांना साडूच्या गाडीत बसवलं. त्या वर बसून हसल्या. "हितनं लै लांबचं दिसतंय की!"

उचगावपर्यंत मी त्या लाल दिव्यांच्या मागं होतो. पुढची सीट रिकामी होती. शोभा मागंच बसून राहिली होती.

घरी येऊन अंगणात चिखल धूत होतो. पांढरीनं बस्ती गाठली होती, काळीला ते जमलं नव्हतं, तरी मनात काहीतरी टोचत होतं. शेवटी विचारलंच, "दाजींनी ते बूट कुठनं घेतले असतील गं? चढताना जरासुद्धा घसरले नाहीत."

शोभानं माझ्या हातातली पाण्याची नळी काढून घेतली.

"बूट घ्या, टायर घ्या, दाजींसारखं काय पाहिजे ते घ्या," ती म्हणाली. "फक्त निघताना आधी डबा घ्या."